चौदाव्या दिवसानंतर

आर्नी लिंडक्विस्टने फ्रिज उघडला,
लोण्याच्या डब्यामागून एक कुपी काढली,
करंगळीच्या पेराएवढी.
तळाशी पांढरी भुकटी,
डुलुथच्या खिडक्यांवर जानेवारीत हिव धरतं, तशी.

लेबलावर दोन ओळी:
फक्त संशोधनासाठी.
माणसांवर वापरू नये.
"ते वकिलांसाठी लिहितात," तो म्हणाला.
"तुझा हात कापत नाही, इंगा. तूच टोच."

खरं आहे. माझा हात कापत नाही.
एकतीस वर्षं मी विद्यापीठाच्या तळघरात
उंदीर सांभाळले.
भुसा बदलला, वजनं लिहिली,
कानाला भोक पाडून एकेकाला क्रमांक दिला.
वर सुपीरियर सरोवर गोठायचं, कडकडत फुटायचं.
आत बारा महिने बावीस अंश.

आर्नी बंदरावर क्रेन चालवतो.
नोव्हेंबरात हॉकी खेळताना खांदा गेला,
चव्वेचाळिसाव्या वर्षी, पोरांसमोर.
डॉक्टरीण म्हणाली: सहा महिने, रोज व्यायाम, आणि धीर.
धीर काही दुकानात मिळत नाही.
कुपी मिळते. जिममधला थॅड देतो,
वर सुयांचं पाकीट फुकट.

"उंदरांवर सिद्ध झालंय," आर्नी म्हणाला,
"तुटलेले स्नायुबंध दोन आठवड्यांत जुळले."

मी खुर्ची ओढून बसले.

जुळतात. मी पाहिलेत जुळलेले.
औषध हेच नसेल, याचं एखादं चुलत भावंड असेल.
चारशे सतरा नंबरचा एक होता,
मी आले की जाळीला नाक लावायचा.
तेराव्या दिवशी तो चक्क धावला.
चौदाव्या दिवशी सकाळी मी त्याला संपवला,
कारण तो बंध कापून काचेखाली बघायचा होता.
सगळ्यांचंच तसं. कागदावर तसंच ठरलेलं.

पंधरावा दिवस कुणी पाहिला नाही, आर्नी.
आणि पाचवं वर्ष
उंदराच्या नशिबात नसतंच.

"रक्तवाहिन्या नव्या फुटतात त्याने," तो म्हणाला.
फुटत असतील.
पण वाहिनी काही पत्ता विचारून फुटत नाही.
जखमेकडे जाईल, तशीच
कुठे एखादी गाठ निजलेली असेल, तिच्याही दारी जाईल.
जाईलच असं मी म्हणत नाही.
जाणार नाही असं
म्हणायला कुणाजवळ कागद नाही, एवढंच.

"थॅडचा कोपर बरा झाला."
थॅडचा कोपर एक आहे.
कुपी न घेतलेला थॅड कुठे आहे,
त्याचा कोपर बघायला?

मग मी कुपी उजेडात धरली.
कुणी भरली, कुठल्या टेबलावर, हात धुतले होते का,
लेबलावर आहे तेच आत आहे का?
तळघरात अशी बिनगोत्राची बाटली आली असती
तर आमच्या समितीने ती परत पाठवली असती.
पाच जणांची समिती, एक त्यात पाद्री.
उंदराला मिळाली नसती ही, आर्नी.
उंदराला.

तो हसला नाही.
कुपी पुन्हा लोण्यामागे ठेवली, फेकली नाही.
मीही फेक म्हणाले नाही,
माणूस आहे, त्याला पिंजरा नाही.

रोज संध्याकाळी मी पेन्सिल घेऊन जाते.
तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं टेकवतो,
कोळ्यासारखी एकेक वर चढवतो,
दात आवळतो, शिवी देतो, थांबतो.
जिथे थांबतो तिथे मी रेघ मारते, तारीख लिहिते.
काही रेघा कालच्याहून खाली आहेत.
बायको म्हणते, भिंत खराब केलीत.

त्या कुपीतलं कमी झालं का, मला माहीत नाही.
फ्रिज मी उघडत नाही.
आज चौदावी रेघ मारली,
आणि निघताना पेन्सिल
त्याच्याच ओट्यावर ठेवून आले.